शिसं वितळवून तळातून ओतायचं इलेक्ट्रिक भांडं, दोन मे महिने वापरून झाल्यावर

पाचपैकी साडेतीन स्टार. गेल्याच्या गेल्या मे महिन्यात लिहायला बसलो असतो तर एकच दिला असता, आणि तोही पॅकिंग बरं होतं म्हणून.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. माझी जी मुख्य तक्रार होती ती शेवटी माझ्यावरच उलटली, ते पुढे येईलच. वस्तू काय आहे ते आधी सांगतो. उभा डबा, त्यात ९ किलोच्या आसपास शिसं मावतं (अमेरिकन माल, म्हणून त्यांच्या हिशोबात २० पौंड), तळाला एक बारीक तोटी, त्या तोटीच्या भोकावर वरून एक लोखंडी दांडी टेकलेली, बाजूचा हँडल उचलला की दांडी वर होते आणि खाली धरलेल्या साच्यात धार पडते, सोडला की बंद. म्हणजे पळीने ओतायची, सांडायची कटकट नाही. ७०० वॅटचं कॉइल आणि बाजूला १ ते १० आकड्यांचं थर्मोस्टॅटचं बटण. कुठला आकडा म्हणजे किती डिग्री हे कुठेही लिहिलेलं नाही, ते तुम्ही तुमचं शोधा. मेव्हणा ह्यूस्टनहून येताना घेऊन आला, त्याला वाटलं कसलं तरी कॉफीचं मशीन आहे.

तिकडचा माल म्हणजे ११० व्होल्ट. थेट आपल्या २३० ला लावलंत तर सातशेचं जवळपास अठ्ठावीसशे वॅट होतं, व्होल्टेज दुप्पट की पॉवर चौपट, आणि कॉइलचा तिथल्या तिथे निकाल लागतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागतो, मी १००० व्हीएचा घेतला, तो तापतो पण चालतो. हा खर्च भांड्याच्या किमतीत धरूनच चाला, नाहीतर नंतर चिडचिड होते.

आता कशाला हवं होतं. नोकरी ठाण्यात, घर मालवणकडे. मे महिन्यात पंधरा दिवस जातो आणि गेलो की संध्याकाळी रॉड घेऊन खडपावर मासे पकडायला. आमच्याकडचा तळ सगळा दगडांचा, त्यामुळे तांबोशी मिळो न मिळो, सिंकर (गरी तळाला न्यायचं शिशाचं वजन) अडकून तुटणार हे नक्की, एका बसणीत सहा-सात जातात. (इतकं शिसं समुद्रात टाकणं काही चांगलं काम नाही हे मला कळतं. ब्रिटनमध्ये हंस ती छोटी शिसं गिळून मरायला लागले म्हणून १९८७ पासून छोट्या शिशाच्या वजनांवर बंदीच आहे. मी हल्ली सिंकर मुद्दाम कमजोर दोरीने बांधतो, म्हणजे निदान गरी तरी परत येते. शिसं जातं ते जातंच.) दुसरं गिऱ्हाईक म्हणजे मामा. मामांचा पाग आहे, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, खाडीत बोय मासा मारायला. पागाच्या घेराला सगळे मिळून चार-साडेचार किलोचे शिशाचे मणी असतात, दरवर्षी त्यातले पाव तरी झिजलेले नाहीतर गळून गेलेले. मामा आयुष्यभर चुलीवर कढई ठेवून, लाकडी साच्यात, पळीने ओतत आलेत. मी म्हटलं मामा आता सोडा ते, मी मशीन आणलंय.

झालं असं की हायवेवरच्या टायरवाल्याकडून मी १२ किलो चाकाची वजनं उचलली, ती बॅलन्सिंगची, क्लिपवाली आणि चिकटवायची अशी सगळी मिक्स, १३० रुपये किलोने, आणि घरी येऊन मावतील तशी थेट भांड्यात ओतली. ग्रीस, धूळ, रबराचे तुकडे, डबलटेप, क्लिपा, सगळ्यासकट. धूर असा निघाला की शेजारच्या काकी विचारायला आल्या कोणाचं काय जळतंय. क्लिपा वर आल्या त्या झाऱ्याने काढल्या, वरचं काळं काढलं, खाली चकचकीत दिसलं, मी खूष. पहिले वीस-पंचवीस मणी ठीक आले. मग तोटी गळायला लागली. हँडल सोडला तरी टप, टप, टप, आणि खाली शिशाची निमुळती काडी वाढत चाललेली, आपल्याकडे पागोळ्यांच्या खाली शेवाळ वाढतं तशी. दांडीच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरसाठी खाच दिलेली आहे, ती फिरवली की दांडी जागेवर बसते म्हणे. बसते, दोन मिनिटं. परत टप टप. मग एकदम उलटं, हँडल उचललं तर धारच नाही. तोटी चोंदली.

त्यात बटण ७ वर असतानाही शिसं कसंतरीच व्हायला लागलं, वर साजूक तुपासारखा रवाळ थर, आणि ढवळला तरी विरघळेना. साच्यात नीट भरेना, मण्यांच्या कडा अर्ध्याच. मी तसेच तीनशेक मणी काढले, म्हटलं पाण्यातच जायचेत, कोण बघतंय.

मामांनी बघितलं. एक मणी घेतला, अंगठ्याने भोकाच्या कडेवरून फिरवला, दुसरा घेतला, तोही फिरवला, मग म्हणाले, "भाच्या, ह्यो मणी माझो धागो कापतलो. ह्येच्यात रेव हा."

खरंच होती. भिंगाखाली बघितलं तर भोकाच्या आत वाळूचा कण शिशात रुतून बसलेला, बाजूला काळ्या राखेची रेघ. पाग फेकला की पाण्याच्या ओढीने धागा त्या कडेवर घासत राहणार, चार दिवसांत तुटणार, आणि एक मणी गेला की तिथून जाळं उचललं जातं आणि मासा खालून पसार. तीनशे मणी परत कढईत. त्या रात्री मी एक स्टारचा रिव्ह्यू लिहून ठेवलेला, पोस्ट करायचा राहिला, नेट गेलं म्हणून. बरं झालं.

कारण नंतर कळलं की गाढवपणा माझा होता. या भांड्यात भंगार टाकायचंच नसतं. हे ओतायचं भांडं आहे, साफ करायचं नाही. भंगार वेगळ्या कढईत वितळवा, तिथे साफ करा, लगडी पाडून ठेवा, आणि या भांड्यात फक्त त्या स्वच्छ लगडी. बाकी सगळा रिव्ह्यू या एका वाक्याभोवती आहे. तोटी तळाला असते, आणि लोकांना वाटतं कचरा हलका, तो वर तरंगणार, तळाची तोटी सुरक्षित. तसं नाही. शिसं फार जड, वितळलेलं असलं तरी पाण्याच्या दहापटीपेक्षा जास्त, त्यामुळे वाळू काय लोखंड काय सगळं वर यायलाच बघतं हे खरं, पण बारीक कण भांड्याच्या भिंतीला आणि तळाला चिकटून बसतात, वरून नवीन शिसं पडलं की त्याच्याखाली दाबले जातात, आणि ढवळताना तुम्हीच ते खाली नेता. एकदा तोटीच्या तोंडाशी कण बसला की दांडी पूर्ण टेकत नाही. गळणार नाही तर काय होईल. आणि प्रत्येक वेळी गळलं की आपण कंपनीला शिव्या.

तर दुसऱ्या वर्षी मी जे केलं ते लिहितो, कारण भांड्यासोबत आलेल्या कागदावर यातली अर्धी ओळही नाही.

आधी निवडणं. तांदळातले खडे निवडतात तसं, उकिडवं बसून, एकेक. हल्ली चाकाच्या वजनांत शिसं कमी आणि जस्त, लोखंड जास्त येतं, युरोपात तर २००५ पासून गाड्यांवर शिशाची वजनं लावायला बंदी आहे, त्यामुळे जगभरच बनवणारे जस्ताकडे आणि लोखंडाकडे वळले. काही वजनांवर झेडएन (जस्त) किंवा एफई (लोखंड) असं उठवलेलं असतं, ती सरळ बाजूला. नसेल तर पक्कडीने चावा घ्या, शिशात पक्कड रुतते, जस्तावर नुसती ओरखड उठते. फरशीवर टाकून बघा, शिसं थप्प करून पडतं, जस्त टिण्ण करतं, माझ्या आठ वर्षांच्या पुतण्याला लांबून नुसता आवाज ऐकवला तर तोही बरोबर ओळखतो. तरीही शंका राहिली तर संडास साफ करायच्या अॅसिडचा एक थेंब खरवडलेल्या जागेवर, जस्त असेल तर लगेच फसफसतं, शिसं ढिम्म. गेल्या वर्षीच्या टायरवाल्याकडच्याच मालातून यंदा १२ किलोत सव्वादोन किलो जस्त-लोखंड निघालं. म्हणजे तो तुपासारखा रवाळ थर कुठून आला ते कळलं, मी बटण सातवर नेऊन जस्त वितळवलं होतं.

हे आकडे लक्षात ठेवा, बाकी काही नाही ठेवलं तरी चालेल. शिसं वितळतं ३२७ डिग्री सेल्सिअसला, जस्त ४१९ ला. चाकाच्या वजनातलं शिसं तर त्यात अँटिमनी हा कडक करणारा धातू मिसळलेला असल्यामुळे ३२७ च्याही आधी ढिलं पडतं. म्हणजे कढई ३५०-३७० च्या आसपास ठेवली तर निवडताना सुटलेलं एखादं जस्ताचं वजन आख्खंच्या आख्खं वर तरंगतं, झाऱ्याने उचला आणि फेका, संपलं. पण घाईत गॅस वाढवला आणि ४२० च्या वर गेलात तर ते आत मिसळतं आणि मग घरी ते बाहेर काढणं जवळपास नाहीच. गंमत म्हणजे शिशाच्या रिफायनरीत मुद्दाम जस्त टाकतात, पार्क्सची पद्धत म्हणतात तिला, १८५० ची. शिशात असलेली थोडीफार चांदी त्या जस्ताला चिकटून वर येते आणि सायीसारखी काढून घेतात. आपल्या टायरच्या वजनात कसली चांदी, आपल्याला नुसतीच साय. तापमान मोजायला मल्टीमीटर आणि त्याला लावायची के टाइप थर्मोकपलची तार घ्या, चार-पाचशेत येतं, अंदाजाने खेळू नका.

कढई लोखंडी किंवा बिडाची, जाड. अॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात नाही, तापून मऊ पडतं आणि हँडलच्या रिव्हेटपाशी सुटतं, आत पाच किलो तापलेलं शिसं असताना सुटलं तर पळायला पाय राहणार नाहीत. आणि भंगार थंड कढईत भरायचं, मग आच लावायची. याचं कारण पाणी. भंगारात कुठेतरी, मुडपलेल्या पत्र्यात, पाइपच्या घडीत, जुन्या जाळ्याच्या मण्यांच्या भोकात पाण्याचा थेंब असतोच, आणि त्याची वाफ होताना तो सतराशेपट फुगतो. थंड कढईत हळूहळू तापताना तो निघून जातो. वितळलेल्यात ओलं टाकलंत तर तो शिशाच्या खाली फुगतो आणि कढई तुमच्या तोंडावर रिकामी होते. माझ्या हातावर मूग डाळीएवढा एक डाग आहे, तो गेल्या वर्षीचा, कोरडा वाटणाऱ्या एका मण्याचा. म्हणूनच हे काम एप्रिल-मे मध्येच. १ जूनला पावसाळी मासेमारीची बंदी लागली की मामांना जाळं विणायला, दुरुस्त करायला दोन महिने मोकळे मिळतात, त्यांना मणी तेव्हा हवेत, पण मी पावसात ओतत नाही म्हणजे नाही, त्या दमट हवेत साचासुद्धा ओला होतो.

वितळलं की वर क्लिपा, रबर, दगड. लोखंड शिशावर तरंगताना पहिल्यांदा बघणाऱ्याला जरा विचित्रच वाटतं. ते झाऱ्याने काढलं की आता खरी सफाई, म्हणजे फ्लक्स, धातू आणि घाण वेगळी करायला वितळलेल्यात घालायची वस्तू.

इथे मला सासऱ्यांनी शिकवलं, त्यांना शिशातलं काही कळत नाही तरी. कोल्हापूरकडचे, घरचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस तापायला लागला की त्यात भेंडीचा चीक घालतात, मग मळी वर येते, आणि ती आली की घाई न करता काढायची, आधी हात घातला तर ती परत रसात मिसळते. सासरे माझ्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते, बघून म्हणाले, अहो जावईबापू, तुम्ही मळी वर यायच्या आधीच झारा घालताय. एवढंच म्हणाले. शिशातही अगदी तेच. वर जो करडा, भिजलेल्या राखेसारखा थर दिसतो तो सगळा कचरा नसतो. त्यात कथील आणि अँटिमनी गंजून वर आलेलं असतं, तीच तर धातूला कणखर करणारी माणसं, आणि मी पहिल्या वर्षी ती झाऱ्याने काढून डब्यात टाकत होतो. आधी फ्लक्स घालून ढवळायचं, चांगला धातू परत खाली जातो, मग जी कोरडी, काळी, भुरभुरीत पूड उरते ती मळी, ती काढा.

फ्लक्स म्हणून मी तीन-चार गोष्टी करून बघितल्या. मेणबत्तीचा तुकडा, सुपारीएवढा, झकास काम करतो, फक्त धूर होतो आणि धुराने भक्कन पेट घेतला तर दचकू नका, खरं म्हणजे लांब लायटरने आपणच पेटवून द्यावा, धूर कमी होतो. राळ, धूप घालायची, वाण्याकडे मिळते तीच, चांगली पण चिकट, कढईच्या कडेला डांबरासारखी बसते. लाकडाचा भुसा, सुताराकडचा, उन्हात दोन दिवस वाळवलेला, हा सगळ्यात भारी, जळून कोळसा होतो आणि बारीक घाण त्यात अडकते. माझी रीत आता ठरलेली आहे, एकदा भुसा, चांगला मूठभर, कोरड्या काठीने तळ आणि भिंती खरवडत पाच मिनिटं ढवळायचं, मळी काढायची, मग एकदा मेण, परत मळी, मग भुसा अजून एकदा. तिसऱ्या खेपेला वर जवळजवळ काही येत नाही, आरसा दिसतो. ढवळायची काठी वाळकीच हवी, ओल्या काठीने तेच पाण्याचं लफडं. आणि हो, नवसागर. लहानपणी दारावर कल्हईवाला यायचा, भांडं तापवून नवसागर टाकला की तो पांढरा धूर आणि तांब्या एकदम चकचकीत, ते डोक्यात होतं म्हणून घातला. काम करतो, पण त्या धुराने नाक-डोळे गेले आणि कढई आठवड्यात गंजली. कल्हईवाल्याचं कल्हईवाल्याकडेच राहू दे.

रसशास्त्रात शिशाला नाग आणि कथिलाला वंग म्हणतात, आणि दोघांची मिळून जात पूतिलोह, म्हणजे वितळवताना घाण वास मारणारं. हे वाचलं तेव्हा शेजारच्या काकींची आठवण आली. त्यांची शुद्धीची रीत वेगळीच, वितळवून तेलात, ताकात, गोमूत्रात असं सात-सात वेळा ओतायचं. ताकात वितळलेलं शिसं! भोकवाल्या झाकणाच्या भांड्यात करतात म्हणे, उडणार म्हणूनच. मी मेणावर खूष आहे.

साफ झालेलं शिसं मी बिडाच्या आप्पेपात्रात ओततो. वेगळं विकत घेतलंय, बाहेरून लाल रंगाचा पट्टा मारलाय, परत स्वयंपाकघरात जायचं नाही म्हणून, कारण आमच्याकडे कुठलंही भांडं फिरत फिरत ओट्यावर पोचतं. एकेक आप्पा पाव किलोच्या जरा वर बसतो. शिशाचे सात आप्पे ताटात मांडलेले बघून मामा म्हणाले, "चटणी खय हा?"

भंगार कुठलं यावरही आहे बरं का. जुन्या वाड्यांतले शिशाचे पाइप, जुन्या टेलिफोन केबलवरचं आवरण, हे मऊ शिसं, नखाने ओरखडा उठतो. मामांना मणी दाबून बसवायचे असतात, त्यांना हेच लागतं. चाकाच्या वजनांचं जरा कडक, माझ्या सिंकरना उत्तम. आणि एकदा कुडाळला भंगारवाल्याकडे चक्क छापखान्याचे खिळे मिळाले, जुने देवनागरी टाइप, अर्धं पोतं. शिसं, अँटिमनी, कथील, एकदम टणक माल. त्यातले दोन ‘ळ’, एक ‘क्ष’ आणि अख्खा ‘श्री’ मी काढून टेबलावर ठेवलेत, वितळवायला हात झाला नाही. बाकीचे मऊ शिशात चौथा हिस्सा मिसळले, साच्यात काय भरतं, धारदार कडा येतात, पण नुसत्या खिळ्यांचा मणी दाबायला गेलात तर तडकतो. बॅटरीचं शिसं मात्र कोणी फुकट दिलं तरी नको. त्यात अॅसिड असतं, आणि पत्र्यांतल्या अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियमची मळी ओली झाली की त्यातून जो गॅस निघतो तो माणूस मारणारा आहे. जुनी बॅटरी दुकानात परत द्या, बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियमही तेच सांगतात.

आता परत भांड्यावर येतो, रिव्ह्यू त्याचा आहे.

मागच्या वर्षीची घाण भरलेलं भांडं आधी रिकामं केलं, थंड करून तारेच्या ब्रशने आतून घासलं, तेही ओल्या फडक्याने पुसत, मास्क लावून, कोरडी धूळ उडवायची नाही. तोटीतून बारीक ड्रिल बिट हाताने फिरवून राख काढली. दांडीचं टोक आणि तोटीचं तोंड गाडीच्या मेकॅनिककडच्या व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने पाच मिनिटं गोल गोल घासून एकमेकांत बसवलं. मग फक्त आप्पे. बटण साडेचारवर माझ्याकडे ३७० च्या जवळपास येतं, तुमच्याकडे वेगळं येईल. एका सकाळी, सात ते साडेदहा, मध्ये एकदा लाईट गेली ते धरून, ४०० मणी आणि ३० सिंकर. किती वेळा गळलं? दोनदा, तेही दांडी जरा फिरवल्यावर थांबलं. मी खरंच उभा राहून बघत होतो की आता गळेल, मग गळेल. या भांड्यात मी भुसा घालत नाही, त्याची राख खाली जाऊन परत तोच खेळ. वर थोडं मेण आणि मग तसंच राहू देतो, वरची पातळ साय खालच्या शिशाला झाकून ठेवते, ती काढायची घाई नको, तळातून ओतायच्या भांड्याचा हाच तर फायदा. आणि कधीही पूर्ण रिकामं करत नाही, दोन बोटं शिसं ठेवूनच बंद करतो, म्हणजे वरची घाण तोटीपर्यंत पोचतच नाही.

दीड स्टार कुठे गेला ते सांगतो. थर्मोस्टॅट ढिसाळ आहे, तीस-चाळीस डिग्री वरखाली होतं, मध्ये नवीन लगड टाकली की दहा मिनिटं थांबा. हँडलचा स्क्रू दर अर्ध्या तासाने सैल. तोटीखाली साचा ठेवायला जी पट्टी दिलीय ती अमेरिकन साच्यांच्या मापाची, माझा कुडाळच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याने करून दिलेला साचा उंच आहे, तो मावत नाही, शेवटी पट्टीच काढून टाकली आणि फरशीचे दोन तुकडे रचले. पाय हलके आहेत, नऊ किलो वितळलेलं शिसं भरलेलं भांडं हँडल ओढताना डुगडुगतं, मी ते फळीला बोल्टने पक्कं केलंय, तुम्हीही करा, यावर चर्चा नको. माहितीच्या कागदावर सेफ्टीबद्दल चार ओळी, त्यातल्या दोन वकिलाने लिहिलेल्या.

त्या चार ओळींत जे नाही ते असं. उघड्यावर बसा, वारा पाठीकडून. चष्मा, चामड्याचे हातमोजे, सुती फुल पँट, आणि बूट, स्लिपर घालून कोणी जवळ आलं तर हाकलून द्या. शिसं उकळतं पार १७४९ ला, त्यामुळे आपल्या तापमानाला वाफेपेक्षा खरा दगा देते ती मळीची बारीक पूड, हाताला, कपड्याला लागून घरात येते. तरी ४५० च्या वर नेऊ नका. मध्ये चहा नाही, तंबाखू नाही, हात साबणाने धुतल्याशिवाय काही नाही, कपडे वेगळे धुवायचे. लहान मुलं आणि पोटुशी बाई आसपाससुद्धा नको, शिशाची रक्तातली सुरक्षित पातळी अशी काही नसतेच, हे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. मळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, माडाच्या मुळात नाही, विहिरीजवळ तर मुळीच नाही. माझा डबा भरला की रिसायकलिंगवाल्याकडे जातो, तो वजनावर घेतोसुद्धा.

कोणी घ्यावं? वर्षाला दोन-तीनशे मणी किंवा पन्नास सिंकर लागत असतील तर घ्यावं, ट्रान्सफॉर्मरसकट. दहा-बारा सिंकर लागत असतील तर कढई आणि पळी बास, मामांनी पन्नास वर्षं त्यावरच काढली. आणि ज्यांच्याकडे हे आधीच आहे आणि गळतंय, त्यांनी विकून टाकायच्या आधी एकदा रिकामं करून तळाला काय साठलंय ते बघा. माझ्याकडे निघालेली वाळू चमचाभर होती, त्यात एका जस्ताच्या वजनाचं न वितळलेलं टोक.

यंदाचे मणी मामांनी पोत्यावर पसरून एकेक अंगठ्याखालून घातले. चारशेतले अकरा बाजूला काढले, बाकीचे ओंजळीने पिशवीत भरले, काही बोलले नाहीत. ते अकरा मी खिशात घालून ठाण्याला आणलेत, त्यातल्या नऊंना मला अजून काही दोष सापडलेला नाही.